तीन उन्हाळे

“आबा, आम्ही झाड लावलं!”

जुलैतला रविवार होता. पाऊस नुकताच उघडला होता. आमच्या सायनच्या सोसायटीच्या बागेत वृक्षारोपण झालं आणि माझी दोन्ही नातवंडं कोपरापर्यंत चिखल माखून घरी आली. चिमी तेव्हा दहा वर्षांची होती, बंडू सात वर्षांचा.

“कसलं झाड?” मी विचारलं.

“करंजाचं!”

“वा! आणि गेल्या वर्षी लावलेलं कुठाय?”

दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. मग आम्ही तिघं खाली उतरलो. गेल्या वर्षीच्या रोपाचा लोखंडी पिंजरा जागच्या जागी होता, त्याचा हिरवा रंगही टिकून होता. आत एक वाळकी काडी उभी होती. बंडूनं ती बोटानं वाकवली, तर कट्कन मोडली.

“मेलं?”

“हो रे.”

“पण आपण तर लावलं होतं ना!”

बाळांनो, बंडूच्या या एका वाक्यापासून ही गोष्ट सुरू होते. माझे वडील कोकणात बाग करायचे. ते म्हणत, रोप लावलं म्हणजे झाड झालं असं नाही, त्यानं तीन उन्हाळे काढले की मग त्याला झाड म्हणावं. मी मुलांना म्हटलं, “चला, या करंजाचे तीन उन्हाळे आपण मोजू या. पण आधी त्याचे पाय बघू.”

खुरप्यानं माती सैल केली आणि रोप अलगद वर काढलं. त्याची काळी प्लॅस्टिकची पिशवी तशीच होती! घाईघाईत कुणीतरी पिशवीसकट रोप खड्ड्यात ठेवलं होतं. मी पिशवी चिरली. आत मुळं एकाभोवती एक अशी गोल गोल फिरलेली होती.

“चकलीसारखी!” चिमी म्हणाली.

अगदी चकलीच. मूळ वाढत वाढत पिशवीच्या भिंतीशी येतं. पुढे वाट नसली की वळतं आणि वळतच राहतं. असं रोप तसंच लावलं तर पहिली काही वर्षं ते बरं दिसतं. पण खोड जाड व्हायला लागलं की त्याच्याच मुळाचा फास त्याला आवळतो. शिवाय बाजूला मुळं पसरलेली नसली की झाडाला पाय रोवता येत नाहीत, आणि एखाद्या वादळी पावसात ते आडवं होतं. आम्ही ती चकली हातानं हळूहळू उलगडली, फारच पीळ पडलेली दोन मुळं कात्रीनं कापली आणि रोप पुन्हा लावलं. खड्डा खोल कमी आणि रुंद जास्त घेतला. कारण झाडाचं अन्नपाणी गोळा करणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या हात-दीड हात मातीतच असतात. ती खाली कमी जातात आणि बाजूला लांब पसरतात, फांद्यांच्या घेरापेक्षाही कितीतरी लांब.

भोवती आळं केलं. आळ्यात बागेतलाच वाळका पाला चांगला वीतभर पसरला. आधाराची काठी रोवून सुतळीचा सैल वेढा दिला, कारण खोड वाऱ्यानं थोडं हललं की जास्त जाड आणि बळकट होतं. पाण्याचा नियमही ठरला. पावसाळा संपल्यावर रोज तांब्याभर शिंपडायचं नाही. आठवड्यातून दोनदा पुरी बादली, तीही हळूहळू जिरू द्यायची. रोज वरवर पाणी मिळालं की मुळं वरच थांबतात. पाणी खोल गेलं की त्याच्यामागून मुळंही खोल जातात, आणि मे महिन्यात वरची माती तापते तेव्हा तीच झाडाला तारतात.

“आबा, एवढंसं मूळ एवढं पाणी कसं ओढतं?” चिमीनं विचारलं.

त्या पाल्याखाली काय चाललं होतं ते तिला दिसत नव्हतं, म्हणून मी सांगितलं. मातीत एक बुरशी असते. तिचे धागे केसाच्या दहाव्या हिश्शाइतके बारीक असतात. मूळ जिथे शिरू शकत नाही अशा मातीच्या कणांमधल्या फटींत ते शिरतात, तिथलं पाणी आणि स्फुरद ओढून आणतात आणि मुळाला देतात. बदल्यात झाड त्यांना साखर देतं. पानांत उन्हावर तयार झालेली ही साखर खोडातून उतरते आणि मुळांवाटे बुरशीपर्यंत पोचते. जमिनीवरच्या दहातल्या आठ तरी वनस्पतींचा कुठल्या ना कुठल्या बुरशीशी असा व्यवहार असतो. हा व्यवहार आजचा नाही. स्कॉटलंडमधल्या चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांत त्या काळच्या इवल्याशा वनस्पतींच्या पेशींतही असे बुरशीचे धागे सापडले आहेत. तेव्हा पृथ्वीवर फूल नव्हतं, पक्षी नव्हता. ही देवघेव मात्र होती.

म्हणून, बाळांनो, पाला जाळायचा नाही. बागेतला पाला गोळा करून पेटवला की धूर तर होतोच, शिवाय या धाग्यांच्या डोक्यावरचं छप्परही जातं.

पहिला उन्हाळा आला. करंजाची चार पानं करपली आणि दोन राहिली. एप्रिलमध्ये बागेच्या कडेनं पेव्हर ब्लॉक बसवायचं काम निघालं. कामगारांनी जुन्या बदामाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट नेलं आणि आता ते आमच्या करंजाकडे सरकत होते. बंडू धावत वर आला, “आबा, ते आपल्या झाडाचा गळा बंद करतायत!”

पोरगं बरोबर बोललं होतं. मुळंही श्वास घेतात. मातीच्या कणांमधल्या पोकळीतून त्यांना प्राणवायू मिळतो. वर सिमेंटचा थर आला की हवा आत जात नाही आणि पाणीही जात नाही. झाड लगेच मरत नाही, म्हणून आपल्याला दोष दिसत नाही. ते चार-पाच वर्षं शेंड्याकडून वाळत जातं आणि मग आपण म्हणतो, झाड म्हातारं झालं. राष्ट्रीय हरित लवादानं 2013 साली दिल्लीतल्या यंत्रणांना आदेश दिला होता, की झाडांभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढून टाका. मी सोसायटीच्या बैठकीत ही गोष्ट सांगितली. सगळ्यांनी ऐकलं. करंजाभोवती मोकळी माती राहिली आणि बदामाभोवतीचं सिमेंटही फोडलं. पहिला पाऊस पडला तेव्हा त्या मोकळ्या मातीनं पाणी असं घटाघटा पिऊन टाकलं, की बंडू किती तरी वेळ ते बघत उभा होता.

एक उन्हाळा झाला.

त्या पावसाळ्यात मी दोघांना जंगल दाखवायला नेलं. लांब नाही, आमच्या घरापासून जवळच. सायन-वांद्रे लिंक रोडवर धारावीच्या कडेला, मिठी नदीच्या काठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. फाटकातून आत शिरलो आणि दहा पावलांत रस्त्याचा आवाज मागे पडला. डोक्यावर पानांचं छत होतं, पायाखाली ओला पाला. समोरून एक काळंभोर फुलपाखरू तरंगत गेलं, मागच्या पंखांवर आकाशासारखा निळा रंग.

“आबा, हे किती जुनं जंगल आहे?”

“तुझ्या बाबांपेक्षा थोडंसंच मोठं. आणि त्याआधी इथे काय होतं माहितीये? कचरा.”

दोघांनाही ते खरं वाटेना. पण ते खरं आहे. आज जिथे सुमारे 37 एकरांवर झाडी आहे, तिथे मुंबईचा कचरा येऊन पडत असे. कुजका भाजीपाला, चिंध्या, राडारोडा, प्लॅस्टिक. निसर्गप्रेमींनी आग्रह धरला की ही जागा शहराच्या मुलांना निसर्ग शिकण्यासाठी द्या. 1983 साली इथलं पहिलं रोप लावलं ते पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनी.

चिमीला हे नाव ठाऊक होतं. पक्ष्यांचं पुस्तक तिच्या वाढदिवसाला आलं होतं. मी तिला म्हटलं, “सालिम अलींचा जन्म 1896 चा, याच मुंबईतला. म्हणजे रोप लावलं तेव्हा त्यांचं वय काय?”

तिनं बोटांवर हिशोब केला. “सत्त्याऐंशी!”

“नोव्हेंबरमध्ये सत्त्याऐंशी पुरी व्हायची होती. कचऱ्याच्या ढिगावर त्या वयाचा माणूस एक रोप लावतो. विचार कर.”

आता कचऱ्यावर झाड का उगवत नाही आणि कसं उगवतं, ते ऐका. ढिगाच्या पोटात हवा नसते. बिनहवेचा कचरा कुजला की मिथेन वायू निघतो आणि मातीतला प्राणवायू हुसकून लावतो. मुळं गुदमरतात. शिवाय अशी भराव टाकलेली जमीन कुठे दगडासारखी, तर कुठे पोकळ. तिथे आधी काटक झाडं तगतात आणि तीच पुढच्यांसाठी माती शिजवतात. करंज, शिरीष, पांगारा ही त्यातली आपली देशी मंडळी. शेंगा येणाऱ्या या झाडांच्या मुळांवर बारीक गाठी असतात. गाठीत जिवाणू राहतात. हवेत 78 टक्के नत्र आहे, पण ते झाडाला तसंच घेता येत नाही, जसं तांदूळ असला तरी शिजवल्याशिवाय खाता येत नाही. हे जिवाणू हवेतलं नत्र झाडाला खाता येईल असं करून देतात. गंमत बघा. जिवंत गाठ नखानं फोडली तर आतून गुलाबी निघते. आपल्या रक्ताला लाल करणारं जे द्रव्य आहे, त्याचंच भावंड असलेलं द्रव्य त्या गाठीत असतं आणि आपल्या रक्तातल्या द्रव्यासारखंच तेही प्राणवायू सांभाळतं.

“गुलमोहोरालापण शेंगा येतात,” बंडू म्हणाला.

“येतात, पण त्याच्या मुळांवर या गाठी नसतात. बहाव्यालाही नसतात. एका कुळातली भावंडंसुद्धा सगळी सारखी नसतात.”

काटक झाडांची पानं गळतात. पाल्यावर बुरशी येते, वाळवी येते, वाणी किडा येतो, गांडूळ येतं. प्रत्येक जण पानाचा एक घास घेतो आणि पुढच्याला देतो. बोटभर सुपीक माती व्हायला निसर्गात शेकडो वर्षं लागतात असं म्हणतात. माणूस माळ्याच्या हातांनी, खतानं आणि पाल्यानं ते काम लवकर उरकू शकतो, पण टाळू शकत नाही. या उद्यानात तेच झालं. 1994 सालच्या 22 एप्रिलला, वसुंधरा दिनी, हे उद्यान लोकांसाठी उघडलं. पहिल्या रोपापासून मोजलं तर अकरा पावसाळे झाले होते.

सालिम अली ते बघायला नव्हते. जून 1987 मध्ये ते गेले. त्यांच्या वाट्याला त्या रोपाचे चार उन्हाळे आले. “म्हणजे तीनपेक्षा एक जास्त!” चिमी म्हणाली. मला ते सुचलं नव्हतं. खरंच, ते रोप झाड झालेलं त्यांच्या हयातीतच.

परत येताना मी मुलांना माटुंगा-दादरच्या गल्ल्यांतून आणलं. पाच बागा दाखवल्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी झाडांच्या कमानी होत्या. “इथे कुणी लावली एवढी?” बंडूनं विचारलं. तीही एक गोष्ट आहे. सालिम अली जन्मले त्याच वर्षी, 1896 मध्ये, मुंबईत प्लेगची साथ आली. दाटीवाटीच्या, अंधाऱ्या, कोंदट वस्त्यांत माणसं पटापट मेली. 1898 मध्ये शहर सुधारणेसाठी एक ट्रस्ट नेमला गेला आणि त्यानं दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर नव्या वसाहती आखल्या. रुंद रस्ते, घरांमध्ये अंतर, मध्ये बागा आणि कडेनं झाडं. दादरच्या पारशी वसाहतीत तर मंचेरजी जोशी यांनी रस्त्यारस्त्याला वेगवेगळी झाडं लावायची कल्पना राबवली. एका रस्त्यावर महोगनी, तर दुसऱ्यावर अशोक. साथीतून शहाणं झालेल्या माणसांनी ही सावली लावली. आज त्या कमानीखालून शाळेत जाणाऱ्या मुलांना प्लेग ठाऊक नसतो, सावली ठाऊक असते.

दुसरा उन्हाळा फार कडक होता. एका दुपारी दोन वाजता मी दोघांना खेळ दिला. अंगणातल्या लोखंडी बाकाला, डांबराला, भिंतीला आणि मग पानाला हात लावून या. बाकाला हात टेकवेना. डांबर चटका देत होतं. भिंत तव्यासारखी. पान मात्र त्याच उन्हात असून हाताला सोसवेल इतपतच कोमट लागलं.

“पान का नाही तापत?”

मी त्यांना स्वयंपाकघरात नेलं आणि माठावर हात ठेवायला लावला. माठ गार का असतो? त्याच्या अंगातून पाणी झिरपतं आणि त्याची वाफ होऊन उडतं. वाफ व्हायला उष्णता लागते. ती वाफ माठाकडून घेऊन जाते. पान म्हणजे असाच एक इवलासा माठ. पानाच्या पाठीमागे डोळ्यांना न दिसणारी तोंडं असतात, त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. मोहरीच्या दाण्याएवढ्या जागेत ती शेकडो असतात. प्रत्येक तोंडाला दोन ओठ. पाणी भरपूर असलं की ओठ फुगून उघडतात, पाण्याची चणचण झाली की मिटतात. उघड्या तोंडांतून कर्बवायू आत येतो, पाण्याची वाफ बाहेर जाते आणि ती गेली की तिच्यामागून मुळापासून पाण्याची नवी दोरी वर खेचली जाते. झाडाला पंप नाही, मोटर नाही. पाणी पाण्याला धरून चढतं.

आता हिशोब करू. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला जितकी उष्णता लागते, ती विजेच्या साधारण पाऊण युनिटाला थोडी कमी भरते. एखादं भरगच्च मोठं झाड दिवसाला शंभर लिटर पाणी उडवतं असं धरा. तर ते सदुसष्ट युनिटांएवढी उष्णता हवेतून उचलतं. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात बारा तास चालवला तर तो खोलीतून साधारण तेवढी उष्णता काढतो. पण एसी ती उष्णता गल्लीत नेऊन ओततो, वर स्वतःच्या यंत्राची गरमी घालतो. झाड गल्लीलाच गार करतं आणि वीज मागत नाही.

“मग मुंबईत एवढं का उकडतं?” चिमीचा प्रश्न रास्त होता. दमट हवेत वाफ कमी उडते. पावसाळ्यात माठातलं पाणी नाही का कमी गार होत? पण त्या दिवसांतही झाडाची सावली तिचं काम करतेच. जो डांबरी रस्ता सावलीत आहे तो दिवसभर ऊन पीतच नाही, म्हणून रात्री ओकतही नाही. शहरातली रात्र गरम का, तर भिंती आणि रस्ते दिवसाचं ऊन रात्री परत देतात. गल्ली गार करायची तर झाड बागेच्या मधोमध असून पुरत नाही, ते रस्त्याच्या आणि पश्चिमेच्या भिंतीच्या कडेला हवं. आमच्या करंजाची जागा नशिबानं तीच होती.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जुना पर्जन्यवृक्ष आहे. संध्याकाळ झाली की तो पानं मिटतो. मुलं रोज बघतात, पण कसं मिटतो ते त्यांना ठाऊक नव्हतं. पानाच्या देठाशी एक फुगीर सांधा असतो. त्याच्या एका बाजूच्या पेशींतलं पाणी दुसऱ्या बाजूला गेलं की पान मिटतं, परत आलं की उघडतं. स्नायू नसलेल्या जिवानं पाण्यावर चालवलेला हा कोपर! हे झाड मूळचं मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं, जसा गुलमोहोर मूळचा मादागास्करचा. दोघांनीही आपल्या शहरांना भरभरून सावली आणि रंग दिला आहे. पण एकाच जातीची झाडं रांगेनं लावली की काय होतं, हेही मुंबईनं बघितलं. पिठ्या ढेकणाची कीड पडली आणि ती एका पर्जन्यवृक्षावरून दुसऱ्यावर पसरत गेली. कितीतरी जुनी झाडं उभीच्या उभी वाळली. मध्ये दुसरी झाडं असती तर किडीची वाट अडली असती. म्हणून गल्लीत दहा झाडं लावायची तर ती दहा प्रकारची नसली तरी पाच-सहा प्रकारची तरी असावीत.

दुसरा उन्हाळा संपला तेव्हा करंज बंडूच्या डोक्यावरून गेला होता.

त्यानंतरच्या पावसाळ्यात सोसायटीनं आम्हाला बागेचा एक कोपरा दिला. तिथे फक्त लॉन होतं. लॉन दिसायला मऊ, पण ते रोज पाणी मागतं आणि त्यात कुणी राहत नाही. चिमीनं विचारलं, “आबा, निसर्ग उद्यानासारखं इथे करता येईल?”

मी तिला देवराई सांगितली. सह्याद्रीतल्या गावांत देवाच्या नावानं राखलेलं रान असतं, तिथे फांदी तोडायची नाही आणि पडलेलं लाकूडही उचलायचं नाही. 1970 च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी महाराष्ट्रातल्या देवराया हिंडून त्यांचा अभ्यास केला. देवराईत एका खाली एक मजले असतात. वर उंच झाडं, त्याखाली मध्यम, मग झुडपं, वेली आणि तळाशी पाला. प्रत्येक मजल्यावर वेगळं बिऱ्हाड. जपानमध्ये अकिरा मियावाकी नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं आपल्या देशातल्या देवळांभोवतीची राखलेली रानं अशीच बघितली आणि त्यावरून थोड्या जागेत तिथल्याच मातीतली अनेक जातींची रोपं दाट लावायची रीत बसवली. आम्ही आमच्या कोपऱ्यात तेवढं दाट काही केलं नाही. एक उंबर, एक तामण, दोन लिंबं, कढीपत्ता, अडुळसा, शेंदरी, आणि कुंपणावर गुळवेल. वाळका पाला टाकायला एक खड्डा. पावसाचं पाणी वाहून जायचं तिथे उथळ चर, म्हणजे ते थांबून जिरेल.

“उंबर कशाला? त्याला तर फूलपण नसतं,” बंडू म्हणाला.

आपल्याकडे कुणी क्वचितच दिसलं की म्हणतात, उंबराचं फूल झालास की रे! पण उंबराला फूल असतं. एक नव्हे, शेकडो. ती सगळी त्या गोल उंबराच्या आत, आतल्या अंगाला तोंड करून बसलेली असतात. मग तिथे परागकण न्यायचे कुणी? त्यासाठी तिळाहून लहान एक चिलटासारखी गांधीलमाशी आहे. ती उंबराच्या तोंडाशी असलेल्या इवल्याशा छिद्रातून घुसते. वाट इतकी अरुंद, की तिचे पंख तिथेच मोडून पडतात. आत जाऊन ती अंगावरचे परागकण फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. अंड्यांतून आधी नर निघतात. त्यांना पंखच नसतात. ते माद्यांना भेटतात, बाहेर पडायचा बोगदा पोखरतात आणि बाहेरचा उजेड बहुधा न बघताच संपतात. माद्या परागकण घेऊन त्या बोगद्यातून उडतात. त्यांच्या हाती जेमतेम एक-दोन दिवसांचं आयुष्य असतं. तेवढ्यात त्यांना दुसरा, ज्याची फुलं नेमकी परागकण घ्यायला तयार आहेत असा उंबर सापडायला हवा.

“आणि नाही सापडला तर?”

“तर त्या मरतात. म्हणून आसपास एकच उंबर असून चालत नाही. या गल्लीत एक, त्या शाळेत एक, नदीकाठी चार, असे वेगवेगळ्या वेळी फळणारे उंबर हवेत. वडाचं तसंच, पिंपळाचं तसंच. प्रत्येकाची माशी वेगळी.”

चिमी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे आपलं झाड जगायला दुसऱ्यांच्या सोसायटीतपण झाड पाहिजे.”

मला जे सगळ्या गोष्टीतून सांगायचं होतं, ते तिनं एका वाक्यात सांगितलं. झाड एकटं लावता येत नाही. त्याला खाली बुरशी लागते, वर पाखरं लागतात, शेजारी झाडं लागतात आणि दोन-तीन वर्षं बादली उचलणारी माणसं लागतात. आपल्या महाराष्ट्रात शहरांतल्या झाडांच्या रक्षणासाठी 1975 पासून कायदा आहे. 2021 मध्ये त्यात बदल झाला आणि पन्नास वर्षांपुढच्या झाडाला वारसा वृक्षाचा मान मिळाला. कायदा मोठ्या झाडाची कुऱ्हाडीपासून राखण करतो. पण रोपाला पन्नास वर्षांपर्यंत पोचवायचं काम गल्लीतल्या लोकांचं आहे. त्याच्यात खिळा न ठोकण्याचं, त्याला दिव्यांच्या माळा न आवळण्याचं, पिंजरा खोडात रुतायच्या आत काढून टाकण्याचंसुद्धा. आमच्या करंजाचा पिंजरा आम्ही त्याच महिन्यात काढला.

आणि मग पाहुणे यायला लागले. आधी कढीपत्त्यावर. चिमीला पानावर पाखराची शीट दिसली, पुसायला गेली तर शीट चालायला लागली! ती फुलपाखराची अळी होती. लहानपणी ती शिटेसारखी दिसते, म्हणून पक्षी तिला खात नाहीत. मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. छेडलं तर डोक्यामागून दोन शिंगांसारखा रंगीत अवयव बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. निसर्ग उद्यानात दिसलेलं ते काळं-निळं फुलपाखरू आठवतं? ते आपलं राज्य फुलपाखरू, नीलवंत. तेही याच गोतावळ्यातलं, लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालणारं. लिंबं त्याच्यासाठीच लावली होती.

शेजारच्या पांगाऱ्याची एक फांदी वाळली होती. कापायला माणूस आला, तेव्हा बंडू आडवा उभा राहिला. “तिच्यावर तांबट टुक टुक करतो!” फांदी रस्त्यावर नव्हती, कुणाला धोका नव्हता, म्हणून राहू दिली. फेब्रुवारीत तांबटाच्या जोडीनं तिला चोचीनं गोल भोक पाडलं आणि घर केलं. जिवंत लाकूड त्याला सहसा पोखरवत नाही. वाळकी फांदी आपल्याला मेलेली वाटते, तांबटाला ती भिंत असते.

तिसरा उन्हाळा. मार्चमध्ये करंजाची पानं गळाली. आठ-दहा दिवस तो उघडा होता, मग कोवळी, तेलकट चकाकीची पालवी फुटली. एप्रिल गेला. मे गेला. चिमीच्या वहीत बादल्यांचा हिशोब होता. पहिल्या उन्हाळ्यात चोवीस, दुसऱ्यात चौदा, तिसऱ्यात चार. झाड आपलं आपण प्यायला शिकत होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पावसाच्या आदल्या संध्याकाळी बंडू खालून ओरडला, “आबा, लवकर या! आपलं पान कुणीतरी खाल्लंय!”

त्याचा चेहरा रडवेला झाला होता. मी चष्मा सावरून बघितलं. कोवळ्या पानाची कडा कुरतडलेली होती. शेजारचं पान मधोमध दुमडून रेशमाच्या टाक्यांनी शिवलेलं होतं. मी ते हलकेच उजेडासमोर धरलं. आत सावलीसारखी एक बारीक अळी हलत होती. करंजाच्या पालवीवर वाढणारं एक लहानसं तपकिरी फुलपाखरू आहे, बहुधा त्याचीच.

“काढू का तिला?” बंडूनं विचारलं.

“नको. आधी चिमीला हाक मार, वही घेऊन ये म्हणावं. तीन वर्षं आपण याला रोप म्हणत होतो ना? ही अळी इथे राहायला आली. आजपासून याला झाड म्हणायचं.”